कारसीट विमानात न्यायची का? आधी तिकिटाचं बोलू

नव्या आईबापांचा प्रवास ठरला की मला येणारा पहिला प्रश्न ठरलेला, "अरे कारसीट न्यायची का रे सोबत?" (कारसीट म्हणजे गाडीत बाळाला बांधून बसवायची वेगळी सीट.) आणि माझा उलट प्रश्नपण ठरलेला, बाळाचं तिकीट काढलंय का? म्हणजे स्वतंत्र सीटचं, मांडीवरचं नाही. कारण सगळं त्यावर अडलेलं असतं, आणि लोक नेमकं उलट्या बाजूने सुरू करतात, कारसीटची कव्हर बॅग कुठली घ्यायची, ट्रॉली कुठली, यावर रात्र रात्र व्हिडिओ बघत बसतात आणि तिकिटाचं मात्र "बसेल की मांडीवर, दोनच तासांचं तर आहे" म्हणून सोडून देतात.

बहुतेक एअरलाइन्समध्ये २ वर्षांच्या आतलं बाळ मांडीवर नेता येतं. इंटरनॅशनल फ्लाइटला बऱ्याच ठिकाणी मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण १०% घेतात, अमेरिकेत देशांतर्गत फ्लाइटला तर काहीच घेत नाहीत, त्यामुळे मोह होणारच, मला काय समजत नाही असं नाही. पण एकदा विचार करून बघा, टेकऑफच्या आधी क्रू येऊन लॅपटॉप आत ठेवा, टेबल बंद करा, पर्स सीटखाली सारा असं सगळं सांगून जातात, आणि नऊ-दहा किलोचं बाळ तेवढं नुसत्या हातात.

आता तुम्ही म्हणाल की बाळासाठी तो छोटा बेल्ट देतात ना, आपल्या बेल्टमध्ये अडकवायचा. देतात, पण सगळीकडे नाही, आणि इथेच मजा आहे. युरोपात मांडीवरच्या बाळाला हा जोडबेल्ट लावावाच लागतो, आणि अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे त्यांच्या विमान वाहतूक खात्याने, तोच बेल्ट टेकऑफ-लँडिंगला लावायला मनाई केलीय. त्यांचं म्हणणं असं की जोराचा धक्का बसला तर मोठं माणूस पुढे दुमडतं आणि बाळ मध्ये चेपलं जातं. युरोपवाल्यांचं म्हणणं की निदान बाळ हातातून उडून तरी जाणार नाही. दोघांचंही खरं आहे आणि म्हणूनच मांडी ही जागा बसायला सोयीची असली तरी सुरक्षित नाही एवढं मला त्यातून कळलं.

या विषयावर वाचायला बसलात की एक नाव येतंच, जॅन ब्राऊन. १९ जुलै १९८९ ला युनायटेडची फ्लाइट २३२ अमेरिकेत सू सिटीला कोसळली, तेव्हा ती त्या विमानात मुख्य फ्लाइट अटेंडंट होती. २९६ जणांपैकी १८४ वाचले, विमानाची अवस्था बघता ते कसे वाचले हेच आश्चर्य. पण त्या काळच्या पद्धतीप्रमाणे तिने मांडीवरच्या बाळांच्या आईबापांना सांगितलं होतं की बाळाला पायाशी जमिनीवर ठेवा आणि धरून ठेवा. त्यातलं एक बाळ गेलं. बाई पुढे कित्येक वर्षं प्रत्येक मुलाला स्वतःची सीट आणि स्वतःचा पट्टा हवा म्हणून मागे लागल्या. अपघातांचा तपास करणारी एनटीएसबी त्यांच्या बाजूने, एफएए मात्र सक्ती करायला तयार नाही, आणि २००५ मध्ये त्यांनी कारणही दिलं, की सक्ती केली तर बाळाचं तिकीट परवडत नाही म्हणून लोक विमान सोडून गाडीने जातील आणि रस्त्यावर विमानापेक्षा कितीतरी जास्त माणसं मरतात, म्हणजे एकूण नुकसानच.

हिशोब म्हणून हे बरोबर आहे, मला पटतो सुद्धा. पण हा हिशोब सरकारचा झाला. तुम्ही विमानानेच जायचं ठरवलेलं आहे, गाडीने जायचा पर्यायच नाही, मग तो युक्तिवाद तुम्हाला लागू कसा होणार? एफएए स्वतःच्या वेबसाइटवर आईबापांना सांगते की बाळासाठी सर्वात सुरक्षित जागा म्हणजे कारसीट, मांडी नव्हे. सक्ती नाही एवढंच.

आणि अपघात सोडा हो, अपघात होतात कितीसे. रोजचा विषय टर्ब्युलन्सचा आहे. आकाश निरभ्र असतानाही विमान अचानक खाली जाऊ शकतं, तेव्हा बेल्ट न लावलेली माणसं छताला आपटतात आणि बाळ कुणाच्या हातात राहत नाही. जानेवारी २०२४ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या विमानाचा दाराच्या जागी बसवलेला तुकडा हवेतच उडून गेला, त्या विमानात मांडीवरची तीन बाळं होती. सगळे वाचले. मी मात्र ती बातमी वाचून लगेच बायकोला फोन केला होता की पुढच्या वेळचं तिसरं तिकीट काढून टाक.

बरं, समजा तिकीट काढलं. आता कारसीट आत न्यायची म्हणजे कुठलीही चालत नाही. अमेरिकन सीट असेल तर मागे किंवा बाजूला स्टिकर असतो, त्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं की ही सीट मोटारीत आणि विमानात दोन्हीकडे वापरायला प्रमाणित आहे. तो स्टिकर शोधा आणि त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा, कारण सीट बसवून बाळ आत बांधल्यावर क्रूपैकी कुणीतरी येऊन लेबल दाखवा म्हणतं तेव्हा ते नेमकं खिडकीकडच्या बाजूला दबलेलं असतं. युरोपियन सीटांचं जरा वेगळं, काहींवर विमानात चालेल असं टीयूव्हीचं, म्हणजे जर्मन तपासणी संस्थेचं, लेबल असतं आणि काहींवर नसतं, आणि प्रत्येक एअरलाइनचा नियम निराळा, तेव्हा फोन नको, लेखी विचारा आणि आलेला ईमेल जवळ ठेवा. आमच्या एका प्रवासात चेक-इनवाल्यांनी हो म्हटलं आणि गेटवरच्या बाईंनी नाही, शेवटी त्यांच्याच कंपनीचा ईमेल दाखवला तेव्हा गाडी पुढे सरकली.

लेबलइतकंच महत्त्वाचं म्हणजे सीट नुसत्या कमरेच्या बेल्टने बसते का. विमानात आयसोफिक्स, म्हणजे गाडीच्या सीटमध्येच असलेल्या कारसीट अडकवायच्या कड्या, नसतं, खांद्यावरून येणारा पट्टा नसतो, कारसीटच्या वरचा टेदर पट्टा अडकवायला हूक नसतो, असतो तो दोन टोकांचा एकच बेल्ट. त्यामुळे फक्त आयसोफिक्सवर बसणाऱ्या सीटा बाद. छोट्या बाळांच्या बकेट सीटला खाली जो बेस असतो तो विमानात वापरत नाहीत, बेसशिवाय नुसत्या कमरेच्या बेल्टने ती बसते का हे मॅन्युअलमध्ये बघा, काहींना त्यासाठी खांद्याचा पट्टापण लागतो, मग त्या सीटचा इथे उपयोग नाही. आणि मोठ्या मुलांचा बिनपाठीचा बूस्टर टेकऑफ-लँडिंगला चालतच नाही, कारण बूस्टर म्हणजे खांद्याचा पट्टा नीट बसावा म्हणून दिलेली उंची, आणि इथे खांद्याचा पट्टाच नाही.

रुंदी मोजा. एफएए म्हणते १६ इंचांपर्यंतची सीट बहुतेक विमानांत बसते. त्याहून रुंद असली तरी आर्मरेस्ट वर करून कधीकधी जमतं, पण अगदी पुढच्या बल्कहेडच्या, म्हणजे समोर भिंत असलेल्या, रांगेत टेबल आर्मरेस्टमध्येच असतं, तो वर होत नाही, तिथे अडतं. जागा खिडकीचीच घ्या, कारण कारसीट कुणाच्या बाहेर पडायच्या वाटेत येता कामा नये, आणि इमर्जन्सी एक्झिटच्या रांगेत आणि तिच्या लगेच पुढे-मागे तर नाहीच. महागाच्या सीटांमध्ये कधीकधी बेल्टमध्येच एअरबॅग असते, तो पट्टा हाताला जाड आणि फुगीर लागतो, त्यावर कारसीट बसवायची नाही, क्रूला सांगायचं, त्यांच्याकडे बऱ्याचदा ती बंद करणारा एक्स्टेंडर, म्हणजे बेल्टला जोडायचा तुकडा, असतो.

आता बसवणं. यावर कुणी नीट बोलत नाही म्हणून जरा लांबण लावतो. विमानाच्या बेल्टचं बकल मधोमध येतं. कारसीटमधून बेल्ट ओवला आणि घट्ट ओढला की ते बकल बरोबर सीटच्या पोटात जाऊन बसतं, फॉरवर्ड-फेसिंग, म्हणजे पुढे तोंड केलेली, सीट असेल तर बाळाच्या पाठीत रुततं, आणि उतरताना आत बोटंच जात नाहीत म्हणून फ्लॅप उचलता येत नाही. यावर उपाय दोन. एक, बसवायच्या आधीच क्रूकडून बेल्ट एक्स्टेंडर मागायचा, त्याने बेल्ट लांब होतो आणि बकल बाजूला सरकवता येतं. दोन, काढताना सीटवर गुडघा ठेवून सगळं वजन टाकायचं, बेल्ट सैल पडतो, मग फ्लॅप उघडतो. बसवतानाही गुडघाच, नुसत्या हातांनी ओढून ती घट्ट होत नाही. माझी बायको हे काम माझ्यापेक्षा निम्म्या वेळात करते, त्यामुळे मी वर बॅगा ठेवायच्या कामाला असतो.

तोंड कुठे करायचं? छोट्या बाळाचं मागे, म्हणजे रिअर-फेसिंग, मॅन्युअलमध्ये जे वजन-उंची दिलीय त्याप्रमाणे, गाडीत जसं तसंच. पुढचा माणूस सीट मागे टाकू शकत नाही म्हणून कुरकुर करतो कधीकधी, तर विमान हलायच्या आधीच हसून सांगून टाकायचं. फॉरवर्ड-फेसिंग केलं तर वेगळीच तऱ्हा, कारसीटच्या जाडीमुळे पोरगं पुढे येतं आणि त्याचे पाय बरोबर पुढच्याच्या पाठीला लागतात, आमच्या लेकीने एका सद्गृहस्थांची झोप अशी काही उडवली की त्यांनी शेवटी जागाच बदलून घेतली. एकदा बसवल्यावर मात्र सुख असतं. ओळखीची सीट, ओळखीचा वास, तिला वाटतं आपण गाडीत आहोत, आणि झोपते. झोपली तरी पट्टे सैल करायचे नाहीत हं, सैल पट्ट्यांत बाळ खाली घसरतं आणि हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो.

एक वर्षाच्या पुढचं, नीट ताठ बसणारं मूल असेल आणि पोचल्यावर गाडीत कारसीटची गरज नसेल, तर केअर्स नावाचा हार्नेस मिळतो. विमानाच्या सीटच्या पाठीला गुंडाळायचा, त्याने खांद्याचे दोन पट्टे तयार होतात. १० ते २० किलो वजन आणि साधारण १ मीटर उंचीपर्यंत चालतो, एफएएने मान्य केलेला आहे, वजन जेमतेम अर्धा किलो आणि पर्समध्ये मावतो. पण तो फक्त विमानापुरता, गाडीत चालत नाही, हे विसरू नका.

बॅसिनेटबद्दल, म्हणजे विमानात समोरच्या भिंतीला लावतात त्या छोट्या पाळण्याबद्दल, पण लोक विचारतात. झोपवायला छान आहे, पण टेकऑफ-लँडिंगला त्यात ठेवता येत नाही आणि सीटबेल्टचा दिवा लागला की बऱ्याच एअरलाइन्स बाळाला बाहेर काढायला लावतात, नुकतंच झोपलेलं असलं तरी. त्याच्या भरवशावर तिकीट वाचवलं असं समजू नका.

तिकीट काढायचं नाही असं ठरलं असेल, काहींना नाही परवडत, ते मला मान्य आहे, तर मग प्रश्न राहतो पोचल्यानंतरच्या गाडीचा. बऱ्याच एअरलाइन्स कारसीट फुकट नेतात, सामानाच्या वजनात धरत नाहीत. पण काउंटरवर सामानाच्या बेल्टवर सोडू नका, शक्यतो गेटपर्यंत घेऊन जा आणि गेट-चेक करा, म्हणजे विमानात चढतानाच तिथे सामानात द्या. एक तर कमी वेळा आपटते, आणि दुसरं म्हणजे फ्लाइट रिकामी असली तर गेटवर विचारता येतं की शेजारची जागा मोकळी आहे का, असली तर कधीकधी आत न्यायला देतात आणि फुकटात काम होतं. म्हणून लेबल असलेली सीटच न्या. सामानात टाकलीच तर मिळाल्यावर नीट बघा, प्लास्टिकला तडा, पट्टा अडकणं, फोम तुटलेला, कारण आतला फोम तुटला तर वरून कपड्यामुळे दिसत नाही, कव्हर काढून बघावं लागतं.

भाड्याच्या गाडीबरोबर भाड्याची कारसीट मिळते हे खरं आहे, पण ती आधी अपघातातून गेलीय का, तिची एक्सपायरी डेट संपलीय का (हो, कारसीटला असते, खाली प्लास्टिकवर कोरलेली), मॅन्युअल सोबत आहे का, यातलं काही काउंटरवरच्या माणसाला माहीत असेलच असं नाही. रात्री थकून उतरल्यावर अनोळखी सीट बसवायला शिकणं हा प्रकार मला झेपत नाही, म्हणून आम्ही आपली नेतो. चाकांच्या बॅगेला पट्ट्याने बांधायची, आणि विमानाच्या आत आल्यावर डोक्याच्या उंचीवर धरून चालायचं, खालून नेली तर प्रत्येक आर्मरेस्टला अडकते. लवकर बोर्डिंग देतात तेव्हा जा, उतरताना सगळे गेल्यावर उतरा.

कानांचं सगळ्यांना माहीत असतं, उतरताना दूध नाहीतर पॅसिफायर, फक्त लँडिंगच्या घोषणेची वाट बघू नका, विमान साधारण अर्धा तास आधीच खाली यायला लागतं. कारसीटमध्ये असताना बाटलीने पाजता येतं. अंगावर पिणाऱ्या बाळाला मात्र टेकऑफ-लँडिंगमध्ये बाहेर काढायचं नाही, तिथे पॅसिफायर किंवा आपलं बोट.

आणि बुकिंग करताना परतीची तारीख बघा. जाताना बाळ २ वर्षांच्या आत असलं आणि तिकडे वाढदिवस झाला, तर परतीला त्याची सीट घ्यावीच लागते, तेव्हा एअरलाइनला बुकिंगच्या वेळीच विचारा की दोन्ही बाजूंचं भाडं कसं लावणार, आणि ती परतीची सीट खिडकीचीच मागून ठेवा.