रात्रीची लाइट असलेली माणसं

2022 च्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या द्राक्षाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका चिठ्ठीचा फोटो आला. निळ्या पेनाने लिहिलेलं: 'पोपटी घड. जीए. 100 लि. पाण्याला 10 ग्रॅ.' पाठवणारे आप्पा. त्यांची बाग बघायला दुसऱ्या तालुक्यातून लोक गाड्या करून येतात. रात्री अकराच्या सुमारास मी तो फोटो उघडला, आप्पांचं नाव वाचलं आणि मोबाइल बाजूला ठेवला. आकडा वाचलाच नाही.

निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी पीक सल्लागार आहे. दीडशे बागायतदारांचा एक ग्रुप आम्ही सुरू केला होता, त्याचे बघता बघता नऊ झाले. माणसं साडेतीन हजारांच्या वर गेली. सांभाळायला आम्ही तिघे, तेही पगारी, म्हणजे सणासुदीला घरी.

ज्यांच्या घरी द्राक्षं नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. ऑक्टोबर छाटणीनंतर साधारण तीन आठवड्यांनी घड पोपटी रंगाचा दिसतो. पुढे मण्यांची दाटी होऊ नये म्हणून तेव्हा घड लांबवायला जिबरेलिक ॲसिड फवारतात, आमच्या भाषेत जीए. मात्रा 10 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दहा भाग. 100 लिटर पाण्यात एक ग्रॅम टाकलं की 10 पीपीएम होतं. आप्पांनी पीपीएमच्या जागी ग्रॅम लिहिलं होतं. म्हणजे थेट दहापट.

दुसऱ्या दिवशी, 25 तारखेला दुपारी सव्वाबाराला एका ताईंचा फोन आला. दोन वर्षं ग्रुपवर होत्या, पण एक अक्षर कधी लिहिलं नव्हतं. त्यांचं नावही मला आठवेना. "सर, आप्पांच्या चिठ्ठीत दहा ग्रॅम आहे. आमच्या वहीत गेल्या वर्षी एक ग्रॅम लिहिलंय. वही चुकली का चिठ्ठी?"

मी चिठ्ठी परत उघडली आणि पोटात गोळा आला. लगेच पुसून खाली दुरुस्ती लिहायला हवी होती. मी मात्र आप्पांचा मान राखणारं वाक्य जुळवत बसलो. 'आदरणीय आप्पांच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर ठेवून' असं काहीतरी. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. पाठवलं तेव्हा साडेबारा होऊन गेले होते आणि मेसेजपुढे नुसतं घड्याळाचं चिन्ह. मला वाटलं माझंच नेट गेलं. मग कळलं की ते ॲपच सगळीकडे बंद पडलंय. दोन तास ना मेसेज जात होता, ना चिठ्ठी पुसता येत होती. चिठ्ठी मात्र शेकडो मोबाइलमध्ये उतरून बसली होती.

जीए लोक उन्हात फवारत नाहीत, ऊन कललं की सुरू करतात. आमच्या हातात चारपर्यंतचा वेळ होता. कार्यालयाच्या वहीत सगळ्यांच्या छाटणीच्या तारखा होत्या. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात छाटलेल्या बागाच तेव्हा पोपटी अवस्थेत असणार, म्हणून तेवढी नावं काढली आणि आम्ही तिघे फोन लावत सुटलो. त्या दिवशी संध्याकाळी सूर्यग्रहण होतं. बऱ्याच घरांत वडीलधाऱ्यांनी वेध पाळून फवारणी पाडव्यानंतर ढकलली होती. त्याने किती बागा वाचल्या असतील, याचा विचार मी आजही करतो. ताईंनी मला न विचारता त्यांच्या गावातल्या सतरा जणांना फोन करून टाकले होते.

दोघांनी मात्र सकाळी लवकरच फवारून घेतलं होतं. त्यातल्या एका बागेत मी आठवड्याने गेलो. घड ताणून वेडेवाकडे झालेले, देठ कडक. त्या माणसाने मला चहा पाजला आणि चिठ्ठीचा विषयही काढला नाही. मला बोलला असता तर बरं वाटलं असतं.

दिवाळी संपताच मी संचालकांना सांगितलं की ग्रुपवर राखण ठेवायची तर सभासदांतूनच माणसं घ्यावी लागतील, आम्हा तिघांच्याने हे होणार नाही. मानधन द्यायचं नाही, दुकानातल्या मालावर सवलतही नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलं. सवलत दिली की लोक ग्रुप राखायला येणार नाहीत, सवलत राखायला येतील.

'ग्रुप सांभाळायला माणसं हवीत' असं लिहिलं आणि दोन दिवसांत चाळीसहून जास्त नावं आली. त्यात औषध दुकानदार बरेच होते. त्यांना मी एकेकाला फोन करून नाही म्हटलं. माणसं वाईट नव्हती, काही तर माझ्यापेक्षा जास्त जाणकार होती. पण ज्याच्या कपाटात एक औषध आहे त्याने दुसऱ्या औषधाचा मेसेज पुसला, तर तो कितीही बरोबर असला तरी कुणी विश्वास ठेवत नाही. एक जण चिडून ग्रुप सोडून गेला. त्याचं मला वाईट वाटलं, पण निर्णय बदलला नाही.

उरलेल्यांना मी जुने पाच मेसेज नावं काढून पाठवले आणि एकच विचारलं: हा रात्री एक वाजता आला तर काय कराल? एकात मात्रा चुकलेली होती. एकात पैसे बुडवलेल्या व्यापाऱ्याचा फोटो, नाव आणि शिव्या. एक निवडणुकीचा. एका निधनाच्या बातमीखाली दोनशे श्रद्धांजल्या, आणि त्यांच्यात बुडालेला कुणाचा तरी डावणी रोगाबद्दलचा तातडीचा प्रश्न. पाचवा मेसेज एका ओळीचा होता: 'बाग गेली, आता आपलंही काही खरं नाही.'

पाचव्याने माणसं निवडली. कृषी पदवी घेतलेल्या एका हुशार मुलाने पाचही मेसेजपुढे 'पुसणार' लिहिलं. कुणी 'विषयाला धरून नाही' म्हणालं, कुणी 'धीर देणारा सुविचार टाकेन'. सहा जणांनी मात्र वेगवेगळ्या शब्दांत एकच लिहिलं होतं: मेसेज राहू द्यायचा आणि आधी त्या माणसाला फोन लावायचा. त्यातल्या एकाचं उत्तर होतं, 'फोन लागला नाही तर मोटरसायकल काढेन.' त्या सहांना मी पुढचं काही विचारलं नाही.

ताईंनी नाव दिलंच नव्हतं. मी त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर सासूबाई बसल्या होत्या, ताई आत-बाहेर करत बोलत होत्या. "माझं शिक्षण बारावी. आप्पांचा मेसेज मी पुसायचा? उद्या लग्नकार्यात ते समोर आले तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्याच भीतीने मी स्वतः पंधरा मिनिटं घालवली होती, आणि मी तर बाहेरचा माणूस, पगारी. तसं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग अटी घातल्या. पुसायच्या आधी माणसाला फोन करायचा, त्याने स्वतः काढला तर उत्तमच. मात्रेचा मेसेज असेल तर वाट बघायची नाही, आधी पुसायचा आणि मग फोन. आणि पुसलं की का पुसलं ते ग्रुपवर एका ओळीत लिहायचं, खाली कुणाचं नाव नाही, नुसतं 'ग्रुप समिती'. "आणि मी एकटी बाई नको. अजून दोघी घ्या."

पोराटोरांना समजेल अशी नियमावली मी आठवडाभर लिहीत होतो. ती बाजूला ठेवली आणि या अटी जशाच्या तशा घेतल्या. दोघी त्यांनीच सुचवल्या. असे नऊ जण झाले.

रात्रीच्या पाळ्या कशा लावायच्या हा प्रश्न राहिला होता. तो मोटरसायकलवाल्याने सोडवला. आमच्याकडे शेतीची लाइट काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री, आणि प्रत्येक फीडरचे, म्हणजे वीज आणणाऱ्या लाइनचे, वार वेगळे. रात्रीची लाइट असेल तेव्हा कुणीतरी मोटरपाशी जागंच असतं, हातात मोबाइल घेऊन. "मग ज्याची रात्रीची लाइट त्याची रात्रीची पाळी, सर. वेगळं कशाला जागायचं?" आम्ही नऊ जणांच्या फीडरचं वेळापत्रक एका कागदावर उतरवलं. सोमवारची रात्र तेवढी मोकळी निघाली, ती मी घेतली.

आप्पांकडे मी शेवटी गेलो. जायला उशीर केला, हे कबूल करतो. चिठ्ठीचं त्यांना कळलेलं होतं. ते म्हणाले, "मला त्याच दुपारी सांगायचं होतंस. मी स्वतः सगळ्यांना फोन केले असते." फवारलेल्या त्या दोन्ही बागांवर ते माझ्याआधीच जाऊन आले होते, हे मला तिथे समजलं.

ताईंनी पाळीसाठी शंभर पानी वही केली आहे, फवारणीच्या नोंदवहीसारखीच आखलेली. वेळ, मेसेज, फोन केला का, काय झालं. 2023 च्या मार्चमध्ये, काढणी ऐन भरात असताना, मी ती वही चाळत होतो. गारपिटीची नुसती बातमी पसरली तरी व्यापारी सकाळी भाव पाडून मागतात, असे ते दिवस. तेव्हाची एक नोंद इथे उतरवतो:

'रात्री 1.15. गारपिटीचा व्हिडिओ, आजचा म्हणून आला. त्यात पान कोवळं आहे आणि घड फुलोऱ्यात. आत्ता फुलोरा कुठे असतो? जुना आहे. फोन केला. त्यांना पुण्याच्या मुलाने पाठवला होता, घाबरले होते. त्यांनीच काढला. का काढला ते लिहिलं. 1.40 ला मोटर बंद केली.'