बंडी अपसेट झाली

पुतण्याचा फोन आला, "काका, आपली बैलबंडी अपसेट झाली."

मी म्हटलं, "बंडीला काय मन आहे का बे? पलटली म्हण ना."

आमच्याकडे अपसेट होतं ते माणूस, नाहीतर पोट. सोयाबीनचा भाव पडला की अख्खं गाव अपसेट. पण बंडी? पोरगं सातवीत, इंग्रजीचा नवानवा शौक लागलेला.

पांदणीत जाऊन पाहतो तर बंडी कुशीवर. वरच्या चाकाचा चिखल अजून थेंबथेंब गळत होता. कापसाचं एक गाठोडं सुटून काळ्या गाऱ्यात पसरलेलं. बैल मात्र धुऱ्यावरचं गवत निवांत ओढत होते, जसं काही बंडी दुसऱ्याचीच.

संध्याकाळी मोबाइलवर शब्दकोश उघडला आणि ओशाळलो. पोरगं बरोबर होतं. होडी, पेला, गाडी, काहीही उलटलं की इंग्रजीत अपसेट चालतं. मन बिघडण्याचा अर्थ त्यातूनच निघाला. मूळ अर्थ तर त्याहून भलताच. 15व्या शतकात अपसेट म्हणजे उभं करणं! उलटण्याचा अर्थ 19व्या शतकाच्या तोंडाशी आला. शब्दानंच पलटी खाल्ली म्हणायची. जुना अर्थ लिलावात तेवढा अडकून राहिला. रेतीघाटाच्या लिलावात 'अपसेट प्राइस' असते, सरकारी मराठीत हातची किंमत. बोली उभी राहते ती त्या आकड्यावरून. मला इतकी वर्षं वाटायचं, आकडा वाचून माणूस अपसेट होतो म्हणून तसं म्हणत असतील.

पण या क्रियापदाची खरी लबाडी वेगळीच आहे. गाडी आपणहून उलटली तरी अपसेट, कोणी उलटवली तरी अपसेट. भूतकाळातही रूप तेच. आपल्याकडे पलटली आणि पलटवली यांत एका 'व'चा फरक, आणि त्या 'व'च्या मागे कोणीतरी माणूस उभा असतो. कासरा कोणाच्या हातात होता, हे पोरानं फोनवर सांगितलंच नव्हतं.

जेवताना बाबांनी विचारलंच, "पलटली का पलटोली?"

पोरगं भाकरीचे बारीक बारीक तुकडे करत बसलं. खाईना एकही.

बाबांनी वरणाची वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली. "जाऊ दे. मीच उलार भरली होती."

उलार म्हणजे मागे ओझं जास्त. मग जू वर उचलतं, बैलांच्या मानेवर भारच राहत नाही, आणि चाक चाकोरीतून घसरलं की सावरायला काही हाती उरत नाही. एवढ्या सगळ्याला तीन अक्षरं. इंग्रजीत यासाठी काय म्हणतात, ते मी शोधलं नाही.

पोरानं पहिला घास घेतला. बाबा हात धुवायला उठता उठता म्हणाले, "उद्या कापूस तूच उन्हात टाकजो."