माझा ऑस्ट्रेलियातला व्यवसायबंधू

गेल्या बुधवारी नारायण पेठेतल्या एका वाड्यात काम होतं. देवघराच्या चौकटीला वाळवी. जुन्या सागवानाला ती सहसा लागत नाही, पण मागे कधीतरी कुणीतरी चौकटीचा खालचा तुकडा बदलून तिथे स्वस्तातलं लाकूड ठोकलं होतं. वाळवीने नेमकं तेवढंच शोधून काढलं. भिंतीवरून मातीची नळी चढलेली. मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चौकट ठोकत खालून वर गेलो. पोकळ, पोकळ, पोकळ, मग एकदम भरीव. वाळवी मारण्याचा धंदा; वीस वर्षं हेच करतोय.

वाड्यातले काका संस्कृतचे निवृत्त शिक्षक. माझ्याकडची पोरं औषध सोडायला फरशीच्या कडेने ड्रिल मारत होती तोवर चहा आला, आणि मी नेहमीप्रमाणे इकिडनावर, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या एका काटेरी प्राण्यावर, घसरलो. (आमच्या घरी हा शब्द उच्चारायला सध्या बंदी आहे.)

झालं असं, की मुलगी दहावीला. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात उत्क्रांतीच्या धड्यात ‘जोडणारे दुवे’ म्हणून डकबिल प्लॅटिपस आहे: अंडी घालतो सरपटणाऱ्या प्राण्यांसारखी, पण अंगावर केस आणि पिल्लाला दूध. तिला प्रश्न विचारायला म्हणून मी ते वाचलं, रात्री मोबाइलवर शोधत बसलो आणि प्लॅटिपसवरून त्याच्या भावकीत पोचलो. अंडी घालणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या आज जगात पाचच जाती उरल्यात. एक प्लॅटिपस, बाकी चार इकिडना. आणि ऑस्ट्रेलियातला इकिडना खातो काय, तर मुख्यतः मुंग्या आणि वाळवी. म्हणजे हा तर आमच्याच धंद्यातला!

दिसायला आपल्या साळिंदराचं आखूड पायांचं पिल्लू वाटेल. पण साळिंदराशी त्याचं काही नातं नाही, आणि तसाच वाळवी खाणारा, तसाच बिनदातांचा, लांब जिभेचा आपल्या कोकणातला खवले मांजर, त्याच्याशीही नाही. धंदा एक, म्हणून हत्यारं सारखी झाली, एवढंच. जीभ सुमारे 17 सेंटिमीटर, चिकट, आणि इतकी भराभर आत-बाहेर होते की शास्त्रीय नावच ‘चपळ जीभ’ अशा अर्थाचं ठेवलंय. जिभेच्या मुळाशी आणि टाळूला खरखरीत काटे असतात, त्यांच्यामध्ये वाळवी वाटली जाते. पाटा-वरवंटा तोंडातच. माती पोटात जाते ती वेगळी.

मला हेवा वाटतो तो नाकाचा. मी ठोकून ऐकतो, हा हुंगतो, आणि शिवाय त्याच्या नळकांड्यासारख्या मुस्कटावर विजेचा सूक्ष्म प्रवाह ओळखणाऱ्या पेशी आहेत. जिवंत प्राण्याचे स्नायू हलले की बारीकशी वीज निर्माण होते, ती ओल्या मातीतून कळते. प्लॅटिपसच्या चोचीवर वीज टिपणारे असे सुमारे 40,000 बिंदू आहेत. तो पाण्याखाली डोळे मिटून शिकार करतो. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेच्या न्यू गिनी बेटावरच्या लांब मुस्कटाच्या इकिडनाला साधारण 2,000, आणि ऑस्ट्रेलियातल्या आखूड मुस्कटाच्या इकिडनाला जेमतेम 400. कोरड्या जमिनीत वीज काय कळणार? तरी 400 आहेतच. आमच्या धंद्यात हल्ली मोठ्या कंपन्या थर्मल कॅमेरे घेऊन येतात. माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर.

काकांना मात्र वाळवीत रस नव्हता, अंड्यात होता. “अहो, पण अंड्यातून आलेलं पिल्लू दूध पितं कसं?” त्यांचा प्रश्न रास्त होता. हे दूध पाजणारे प्राणी खरंच अंडी घालतात का, यावरच युरोपातल्या पंडितांनी जवळपास शंभर वर्षं वाद घातला. मग 1884 च्या 2 सप्टेंबरला एक गंमत झाली. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला विल्हेल्म हाके या प्राणिशास्त्रज्ञाने इकिडनाच्या मादीच्या पोटपिशवीत सापडलेलं अंडं लोकांना दाखवलं. अंडं हाताला लागलं तेव्हा ते इतके चकित झाले होते, की बोटांत दाबून त्यांनी ते फोडलंच होतं. त्याच दिवशी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, कॅनडातल्या माँट्रियलला शास्त्रज्ञांच्या सभेत, विल्यम कॉल्डवेल या दुसऱ्या प्राणिशास्त्रज्ञाची ऑस्ट्रेलियातून आलेली चार शब्दांची तार वाचली गेली: हे प्राणी अंडी घालतात. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

अंडं एकच, द्राक्षाएवढं, कवच चामड्यासारखं मऊ. मादी ते पोटावरच्या पिशवीत घालते. ही पिशवीही कायमची नाही, त्या हंगामापुरती तयार होते. दहा दिवसांनी पिल्लू बाहेर येतं. भिजवलेल्या शेंगदाण्याएवढं, उघडं, आंधळं. आणि आईला आचळच नाहीत! पिशवीच्या आत कातडीवर दोन जागा असतात, तिथून घामासारखं दूध पाझरतं आणि पिल्लू ते चोखतं. पिल्लाला काटे फुटायला लागले की (साधारण सात आठवड्यांनी) आई त्याला बिळात ठेवून कामावर जाते. परत येते ते पाच-सहा दिवसांनी एकदा. पोटभर दूध पाजायचं, की पुन्हा बाहेर. पिल्लू सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत हा क्रम.

काका डोळे मिटून हिशेब करत होते. “आपल्याकडे अंडज, जरायुज, स्वेदज, उद्भिज्ज. म्हणजे अंड्यातून, वारेतून, घामातून आणि जमीन फोडून आलेले. तुमची वाळवी स्वेदजात जाईल. पक्षी अंडज, म्हणून तो द्विज. एकदा अंडं म्हणून जन्मतो, एकदा अंड्यातून. आणि हा तुमचा प्राणी तिसऱ्यांदा पिशवीतून. म्हणजे त्रिज!” स्वतःच्याच विनोदावर त्यांना ठसका लागला.

आता माझं भांडण. पुस्तकवाले ह्यांना ‘दुवा’ म्हणतात. म्हणजे इकडून तिकडे जाताना वाटेत राहिलेला, अर्धाकच्चा. इकिडनाच्या शरीराचं तापमान 32 अंशांच्या आसपास, आपल्यापेक्षा चार-पाच अंश कमी, म्हणून तो ‘आदिम’. पण जरा बघा तरी. बर्फाळ डोंगरात तो हिवाळ्यात झोपतो तेव्हा तेच तापमान पाच अंशांपर्यंत उतरवू शकतो. वणवा आला की माती उकरून खाली शिरतो आणि गारठल्यासारखा पडून राहतो, आग वरून निघून जाते. त्याला घाम येत नाही. मग उन्हात काय करतो, हे 2023 साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कर्टिन विद्यापीठाच्या संशोधकांनी थर्मल कॅमेऱ्याने पाहून सांगितलं: नाकातून शेंबडाचे बुडबुडे काढतो. ते फुटून नाकाचं टोक ओलं होतं, ओल वाळताना आतलं रक्त थंड होतं. आपल्या माठाचंच तत्त्व. एप्रिलमध्ये पत्र्याच्या गोडाऊनमध्ये पंप मारताना मला याची फार आठवण येते. वाळवंटापासून बर्फापर्यंत अख्ख्या ऑस्ट्रेलियात पसरलेला प्राणी कच्चा कसा?

न्यू गिनीतल्या भावांचं मात्र अवघड आहे. त्यातली एक जात, टीव्हीवर निसर्गाच्या मालिका करणाऱ्या डेव्हिड अ‍ॅटनबरो साहेबांच्या नावाची, 1961 साली मिळालेल्या एका नमुन्यानंतर शास्त्रज्ञांना दिसलीच नव्हती. 2023 मध्ये तिथल्या सायक्लॉप्स डोंगरातल्या मोहिमेच्या शेवटच्या दिवशी, रानात लावलेल्या कॅमेऱ्यांच्या शेवटच्या मेमरी कार्डवर ती चालत जाताना सापडली. ती चित्रफीत मी किती वेळा पाहिली असेल, विचारू नका.

पोरांनी भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवली, मी बिल केलं. काकांनी विचारलं, “असा एक प्राणी देवघरात सोडला तर चालेल का हो?” म्हटलं, काका, चौकटीसकट फरशी उकरेल.

रात्री मुलीला माझं सगळं म्हणणं सांगितलं. दुवा नाही, कसलेला कारागीर आहे वगैरे. तिने शांतपणे ऐकलं आणि वहीत लिहिलं: जोडणारा दुवा. “बाबा, दोन मार्कांना आहे.”