जटपुऱ्याच्या सिंहावर अखेर ऊन पडलं

चंद्रपूरच्या परकोटाच्या चार दरवाजांपैकी तिघांचे फोटो आधीच काढून झाले होते. पठाणपुरा दक्षिणेचा, त्याला हिवाळ्यात भरपूर ऊन. अंचलेश्वर सकाळचा, इरईकडचा बिनबा सांजच्याला. अडून बसलं होतं ते जटपुरा गेट. त्याचं तोंड उत्तरेला, त्यामुळे सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत बाहेरच्या अंगाला थेट ऊन लागतच नाही. त्यावर कोरलेला हत्तीवर चढलेला सिंह, गोंड राजांचं राजचिन्ह, सपाट उजेडात नुसता काळपट डाग दिसायचा. समोरून फ्लॅश मारला की उरलासुरला उठावही पुसला जातो. दगड झिजला असला की आडवं ऊनच हवं.

चंद्रपूर जवळपास 20 अक्षांशावर. 20 मेच्या आसपास शून्य सावली, आणि पुढचे दोन महिने मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला. म्हणून नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांच्या, भर तपनात, डोक्याला दुपट्टा बांधून बारा वाजता उभा राहिलो. ऊन आलं, पण इतकं सरळ वरून की वरच्या पुढे आलेल्या थराची सावली थेट सिंहाच्या पोटापर्यंत! आणि अगदी सकाळचं ऊन शेजारच्या इमारती अडवतात.

मग सूर्याची दिशा दाखवणारं ॲप घेऊन बसलो. या दिवसांत नऊ ते दहाच्या दरम्यान ऊन पूर्वेकडून, भिंतीला घासून येतं. दुसऱ्या दिवशी सव्वानऊला पंजाची बोटं सुटी दिसली! हत्तीच्या सोंडेचा वळसा, आयाळीच्या रेघा, सगळं. गेटमधून ऑटो, बस, हातगाड्या चालूच होत्या. मी तिथेच उभा राहून झूम करून पाहत होतो. इतकी उकल मला एकाही दरवाजात मिळाली नव्हती.

उपकरणांबद्दल एवढंच: मोबाइलला लावायच्या क्लिप लेन्सवर पैसे घालू नका, फोटोच्या कडा फाटतात. जुना डीएसएलआर आणि लांब लेन्स बरी. ट्रायपॉड नेला नाही. संरक्षित वास्तूवर त्यासाठी परवानगी लागते. एवढ्या उन्हात 1/500 सेकंदाच्या शटरला हातात धरूनही फोटो स्थिर येतो.

इथून थेट वर्धेकाठी बल्लारपूरचा किल्ला गाठायचा बेत होता. पण फोटो पाहताना सुचलं की दुपारी तीनला हेच ऊन पश्चिमेकडून घासत येणार, म्हणजे आत्ता सावलीत गेलेल्या रेघा तेव्हा उजळतील. दोन्ही फोटो एकावर एक बसवले तर झिजलेला भागही वाचता येईल. राणी हिराईनं बांधलेल्या गोंड राजा बीरशहाच्या समाधीवरही हेच करून पाहायचंय. तेव्हा बल्लारपूर पावसाळ्यानंतर. मृगाचे ढग येण्याआधी पश्चिमेची बाजू हाती लागली पाहिजे. रविवारी गर्दी कमी असते; ज्यांना जमेल त्यांनी पावणेतीनला गेटच्या बाहेरच्या अंगाला भेटा, टोपी आणि पाणी घेऊन.