ब्रेकचा आवाज: आधी ऐका, मग खोला

आज पंधरा वर्षं जुनी हॅचबॅक समोर होती. तक्रार एकच, पुढून किर्र आवाज. अशा वेळी लगेच नवे पॅड (ब्रेक दाबल्यावर डिस्कला घासणारे तुकडे) मागवू नका, आधी आवाज कधी येतो ते बघा. पावसात रात्रभर उभ्या गाडीचा आवाज पहिल्या चार-पाच ब्रेकांत गेला, तर तो डिस्कवरचा, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवरचा गंज, सोडून द्या. ब्रेक दाबल्यावर खरखर आणि पेडलला कंप असेल, तर पॅड संपून लोखंड डिस्कला लागतंय. ती गाडी चालवायचीच नाही.

इथे मात्र पेडल न दाबताही आवाज होता. चाक काढलं. बाहेरच्या पॅडवर ६ मिमी मटेरियल, आतल्यावर जेमतेम २! बाहेरून डोकावून "पॅड आहेत अजून" म्हणणारे इथेच फसतात. आतला पॅड जास्त झिजायचं कारण कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) स्लाइड पिन, ज्यावर कॅलिपर सरकतो. पिनवरचा रबरी बूट, म्हणजे आवरण, फाटलेला, आत पाणी, पिन गंजून जाम, त्यामुळे कॅलिपर सरकेना आणि आतलाच पॅड घासत राहिला. नुसते पॅड बदलले असते तर आतला पुन्हा लवकर झिजला असता.

पिन साफ करून सिलिकॉन ब्रेक ग्रीस लावायचं, साधं ग्रीस रबर फुगवतं. बूट नवे. पॅड पुढच्या दोन्ही चाकांचे एकदम. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, डिस्क मोजून त्या आकड्याशी ताडून बघा. कॅलिपरमधला पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइलच्या टाकीवर लक्ष ठेवा, वर येऊन सांडलं तर रंग खातं. आणि गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. हे विसरलात तर पहिला ब्रेक लागणारच नाही.