फी, हजेरी आणि आधारचं खातं

सोमवार, रात्री

प्रवेश सुरू झाले की घरोघरी एकच विचारणा: फी किती? मला वाटतं, त्याआधी पैसे कधी लागणार आणि कधी येणार ते विचारावं. फी प्रवेशालाच भरायची, मेस आणि पासचे पैसे दर महिन्याला. शिष्यवृत्ती मात्र वर्ष सरत आल्यावर, कधी त्याहून उशिरा. मधले महिने काढायला मुलं मिळेल ते काम धरतात आणि हजेरी घसरते.

हजेरीची अट बहुतेक ठिकाणी ७५ टक्के. सहा दिवसांच्या कॉलेजात आठवड्याला एक दिवस बुडाला तर ८३ टक्के उरते, दोन बुडाले तर ६७. म्हणून रोज पाळी बदलणारं काम पगार बरा असला तरी नको. ठरलेल्या वेळेचं, कॉलेजच्या वाटेवरचं काम धरावं. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांतली कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना याच कारणासाठी मोलाची. ग्रंथालयात नाहीतर प्रयोगशाळेत काम, तासावर मानधन, आणि जाण्यायेण्यात वेळ जात नाही. पैसे थोडे, पण तास वाचतात.

आता महाडीबीटी, म्हणजे शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचं राज्य सरकारचं संकेतस्थळ. अर्जाला लागणारा उत्पन्नाचा एक वर्षाचा दाखला ३१ मार्चला संपतो, म्हणून नवा एप्रिल-मेमध्येच काढावा. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांगा लागतात. तलाठ्याचा अहवाल आधी हातात हवा.

सगळ्यात जास्त पैसे अडकतात ते बँक खात्यापाशी. खात्याला आधार ‘जोडलेला’ असणं वेगळं आणि ते खातं सरकारी पैशांसाठी एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे, नोंदलेलं असणं वेगळं. ही नोंद एका वेळी एकाच बँकेची असते, आणि शेवटी नोंदलेली बँक धरली जाते. नोकरीच्या ठिकाणी पगारासाठी नवं खातं उघडताना संमतीच्या चौकटीत खूण केली की नोंद तिकडे सरकते. मूल जुन्या पासबुकात पैसे शोधत बसतं. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघावं. बँकेचं नाव आणि ‘ॲक्टिव्ह’ दोन्ही दिसायला हवं. खातं बंद पडलेलं असेल तर रक्कम परत जाते.

शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला म्हणजे झालं असंही नाही. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, मग शिष्यवृत्ती देणाऱ्या सरकारी विभागाकडे. त्रुटी निघाली तर परत येतो आणि मुदतीत दुरुस्त करावा लागतो. कामावरच्या मुलांच्या नजरेतून नेमकं हेच निसटतं, कारण मोबाईल नंबर बदललेला असतो. आठवड्यातून एकदा स्वतः लॉगिन करून बघावं.

फीचे हप्ते हवे असतील तर तोंडी विनवणी पुरत नाही. प्राचार्यांच्या नावे अर्ज, त्यात प्रत्येक हप्त्याची तारीख आणि रक्कम, सोबत शिष्यवृत्ती अर्जाची प्रत. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.