पोर्तसालचा नांगर

फ्रान्समधल्या ब्रेस्टच्या दुरुस्ती धक्क्यावर आमचं जहाज अकरा दिवस लागलं होतं. प्रॉडक्ट टँकर, म्हणजे शुद्ध केलेलं तेल वाहणारा, पोट रिकामं. बॅलास्टच्या, म्हणजे तोल राखायच्या पाण्याच्या, पाइपांचं मोठं काम यार्डकडे होतं. असा मुक्काम मिळाला की इंजिनरूमवालेही आपली अडलेली कामं बाहेर काढतात, जी चालत्या जहाजावर उघडायची सोय नसते. माझ्या यादीत सगळ्यात वर स्टिअरिंग गिअर होता, सुकाणू फिरवणारी यंत्रणा. दोन नंबरच्या पंपाच्या पाइपाला एका फ्लँजवर, म्हणजे सांध्यावर, तेलाचा ओलावा दिसत होता, तिथली ओ-रिंग, गळती अडवणारं रबरी कडं, बदलायची होती. मी सेकंड इंजिनिअर, तेव्हा काम माझ्याच अंगावर. हाताखाली आमचे फिटर, मालवणकडचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. मी त्यांना काका म्हणतो, ते मला ‘सायबानू’ म्हणतात. गुरुवारी आम्ही दोघांनी मिळून ओ-रिंग बदलली, पंप चालू करून सुकाणू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं. कुठे थेंब नाही. मी रजिस्टरमध्ये सही केली.

रविवारी चीफ इंजिनिअर म्हणाले, “सोमवारी रात्री निघायचंय, आज अर्धा दिवस बाहेर पडून या.” सीफेरर्स क्लबची व्हॅन धक्क्यावर आली होती. चालवणारे गृहस्थ सत्तरीचे, निवृत्त शाळामास्तर. आठवड्यातून दोन दिवस खलाशांना फिरवण्याचं काम विनामोबदला करतात. कुठे सोडू, असं त्यांनी विचारलं. बाकीची पोरं गावातल्या दुकानांशी उतरणार होती. मी म्हटलं, “पोर्तसाल.” त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “इंजिनिअर का?”

ब्रेस्ट गाव म्हणून मला आवडलं, पण ते पहिल्या नजरेत आवडणारं नाही. १९४४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इथे महिनाभराहून जास्त वेढा पडला होता आणि त्यात जुनं गाव जवळपास सगळं गेलं. पेनफेल्ड नदीच्या तोंडावरचा किल्ला तेवढा राहिला. नंतर बांधलेले रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ, इमारती करड्या. मुख्य रस्त्याचं नाव र्यू द सियाम. १६८६ साली सयामच्या राजाचे वकील इथे जहाजातून उतरले होते, त्यांची ही आठवण. पाट्यांवर फ्रेंचच्या खाली ब्रेतॉन. ही फ्रेंचची बोली नव्हे, वेल्शच्या नात्यातली वेगळीच भाषा. मास्तर गाडी चालवताना एकेक शब्द शिकवत होते. या जिल्ह्याचं ब्रेतॉन नाव ‘पेन-आर-बेद’, म्हणजे जगाचं टोक. ‘केनावो’ म्हणजे येतो आता. आपल्यासारखंच, जातो म्हणायचं नाही.

बंदरातून निघताना त्यांनी एक जहाज दाखवलं: ‘अबेय बूर्बों’, महाकाय टग, दुसरी जहाजं ओढणारा. अबेय म्हणजे मधमाशी. वारा एका मर्यादेपुढे गेला की हा टग बंदर सोडून वेसां बेटाच्या आडोशाला जाऊन उभा राहतो, कुणाचं इंजिन किंवा सुकाणू गेलं तर लगेच धावता यावं म्हणून. १९७९ पासून इथे असा टग कायम ठेवलेला आहे. आधी ‘अबेय फ्लांद्र’ होता, २००५ पासून हा. मास्तर म्हणाले, “एक वर्ष उशीर झाला.”

कसलं वर्ष, ते मला माहीत होतं. मरीन इंजिनिअरिंग केलेल्या प्रत्येकाला ‘अमोको कादिझ’ माहीत असतं. १६ मार्च १९७८, सकाळचे पावणेदहा. आखातातून कच्चं तेल घेऊन निघालेला अजस्र टँकर, पोटात सव्वादोन लाख टनांच्या आसपास माल, जायचं रॉटरडॅमला. वेसांजवळ वादळी समुद्रात त्याचं सुकाणू गेलं. स्टिअरिंग गिअरच्या हायड्रॉलिक पाइपाच्या फ्लँजवरचे स्टड, म्हणजे नट बसवायचे लोखंडी दांडे, तुटले, तेल फवाऱ्यासारखं बाहेर आलं, आणि मोकळं सुटलेलं सुकाणू लाटांच्या माराने आपटत राहिलं. इंजिनिअरांनी खूप धडपड केली. पॅसिफिक नावाचा जर्मन टग आला, दुपारी त्याचा दोर तुटला. रात्री नांगर टाकला, तो धरला नाही; पुन्हा दोर बांधला, त्यानेही जहाज थांबलं नाही. नऊच्या सुमाराला जहाज पोर्तसालच्या खडकांवर चढलं. माणसं फ्रेंच नौदलाच्या हेलिकॉप्टरांनी सगळी वाचवली. तेल मात्र सगळंच्या सगळं समुद्रात गेलं.

मुंबईला एमएमडीच्या, म्हणजे जहाजी परीक्षा घेणाऱ्या सरकारी खात्याच्या, तोंडी परीक्षेत सर्व्हेअरने मला यावरच धरलं होतं. स्टिअरिंगचे नियम का बदलले? टँकरला एक बिघाड झाला तर किती वेळात सुकाणू परत हाताशी आलं पाहिजे? मी घडाघडा सांगितलं होतं, पंचेचाळीस सेकंद. पाठ होतं. त्या पंचेचाळीस सेकंदांमागे एक गाव आहे आणि त्या गावात अजून माणसं राहतात, हे तेव्हा डोक्यात नव्हतं.

ब्रेस्टपासून पोर्तसाल तीसेक किलोमीटर. वाटेत फुलकोबीची शेतं, दगडी भिंतींची आणि पाटीच्या दगडाच्या छपरांची घरं. मग एकदम समुद्र. मार्चमधलं उधाण होतं, आम्ही पोचलो तेव्हा दुपारची पूर्ण ओहोटी. ब्रेस्टला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत सात मीटरांचा फरक पडतो, दोन मजल्यांहून जास्त. पाणी इतकं मागे गेलं होतं की होड्या बंदरात चिखलावर कलंडून पडल्या होत्या आणि त्यांच्यापुढे, क्षितिजापर्यंत, नुसते खडक. काळे, तपकिरी, शेवाळाने भरलेले, दातांसारखे. त्यांच्यामध्ये दूर कॉर्न-कारायचा दीपस्तंभ उभा. मी रत्नागिरीचा, खडप मला नवं नाही. पण असं खडप मी कधी पाहिलं नव्हतं. भरतीला यातलं निम्म्याहून जास्त पाण्याखाली जातं.

नांगर बंदराच्या धक्क्यावर ठेवलाय. त्याच जहाजाचा. मी जवळ जाऊन हात लावला. माझ्या मनगटाएवढं कुठलंच टोक त्याला नाही, सगळं मांडीएवढं नाहीतर कमरेएवढं. मार्चचं ऊन होतं, तरी लोखंड गार होतं. एवढं धूड रात्री समुद्रात सोडलं आणि जहाजाला थांबवू शकलं नाही. का, तर सकाळी बोटाएवढ्या जाडीचे काही स्टड तुटले होते.

मास्तर थोडे मागे उभे होते. मग स्वतःहून बोलले. तेव्हा ते तेविशीत होते, आतल्या बाजूच्या एका खेड्यात आईवडिलांकडे राहायचे. त्या रात्री वासाने जाग आली. वडिलांना वाटलं, घरच्या तेलाच्या टाकीला भोक पडलं. खाली जाऊन टाकी तपासली. टाकी ठीक होती. सकाळी सायकलवर इथे आले. “सगळ्यात आधी काय कळलं, सांगू? समुद्राला आवाज नव्हता. लाट यायची, पण फुटायची नाही. जाड झाली होती.” हे सांगताना त्यांनी तळहात आडवा धरून हळूच वर नेला आणि खाली आणला.

पुढचे कित्येक आठवडे माणसं बादल्या आणि फावडी घेऊन इथे होती. सैनिक आले, विद्यार्थी आले, शेतकऱ्यांनी शेणाचं पाणी ओढायच्या टाक्या ट्रॅक्टरला जोडून आणल्या आणि तेल उपसलं. या ब्रेतान प्रांताच्या उत्तर किनाऱ्याचा साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पट्टा काळा झाला. कालवांची शेती मेली. पक्षी तर हजारोंनी मेले. मास्तरांच्या हातात एक पक्षी मेला, त्याचं फ्रेंच नाव त्यांनी सांगितलं, ते मला कळलं नाही, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

गावांनी मात्र सोडलं नाही. पोर्तसाल ज्या नगरपालिकेत येतं त्या प्लूदालमेझोचे महापौर आल्फोंस आर्झेल यांनी आसपासच्या गावांना एकत्र केलं आणि खटला थेट अमेरिकेत, शिकागोत नेला. १९८४ मध्ये न्यायालयाने म्हटलं की स्टिअरिंग गिअरची देखभाल नीट ठेवली नव्हती. शेवटचा निकाल लागायला १९९२ उजाडलं. चौदा वर्षं. बटाटा, कोबी आणि मासे यांवर जगणारी माणसं चौदा वर्षं एका तेलकंपनीशी भांडली. मला या गोष्टीचं फार वाटतं. आपल्याकडे २०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन जहाजं धडकली होती, मी कॉलेजात होतो, मांडव्याच्या पुळणीवर आम्ही मुलं तेलाचे गोळे उचलायला गेलो होतो. महिन्याभरात सगळे विसरले. मीही.

‘देखभाल नीट ठेवली नव्हती.’ मास्तरांचं हे वाक्य ऐकताना मला गुरुवार आठवला.

फ्लँजला सहा नट. आम्ही आडवेतिडवे करत स्पॅनरने आवळत आणले होते. आता टॉर्क रेंचने, म्हणजे मोजून आवळणाऱ्या पान्याने, शेवटचा दाब द्यायचा, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात फोन आला, क्लासचे, म्हणजे जहाज तपासणाऱ्या संस्थेचे, सर्व्हेअर आलेत, सेकंडला बोलावलंय. मी काकांना म्हटलं, एवढं उरकून घ्या. दोन तासांनी परत आलो, तेव्हा काका जनरेटरच्या कामाला लागले होते. मी पंप लावला, सुकाणू फिरवलं, कोरडं दिसलं, सही केली. टॉर्क दिला का, हे मी विचारलंच नाही. रेंच कुठे होती, तेही आठवेना. आणि बंदरात सुकाणू फिरवून कोरडं दिसलं, याला अर्थ नाही, हे मला ठाऊक आहे. धक्क्याला लागलेल्या जहाजाचं सुकाणू साचलेल्या पाण्यात फिरतं. बाहेर लाट त्याला थप्पड मारते, तेव्हा पाइपात जो दाब उसळतो तो वेगळाच.

मास्तरांनी मला एका क्रेपरीत नेलं, खारं लोणी लावलेला कुट्टूच्या पिठाचा गालेत, धिरड्यासारखा, खाऊ घातला. चांगला असणार. मला चव आठवत नाही.

जहाजावर आलो आणि बॉयलर सूट चढवून सरळ मागे गेलो. काका मेसमधून उठून मागोमाग आले, मी बोलावलं नव्हतं. स्टिअरिंग फ्लॅटमध्ये, सुकाणूच्या यंत्राच्या खोलीत, मी त्यांना विचारलं, “काका, गुरुवारी याला टॉर्क दिला होतात?”

ते थांबले. “नाय सायबानू. तुमी येऊन देतलास असा माका वाटला.”

दोघंही एकमेकांवर विसंबलो होतो. मी पंप चालू केला, सुकाणू पूर्ण उजवीकडे नेऊन दाबाखाली ठेवलं आणि फ्लँजखाली टिश्यू पेपर धरला. एक मिनिट काही नाही. दुसऱ्या मिनिटाला कागदाच्या कडेला मोहरीएवढा डाग आला, मग तो पसरला. काका बॅटरी मारून वाकले. “हयसर बघा,” म्हणाले आणि भिंतीकडच्या, हात नीट न पोचणाऱ्या नटावर बोट ठेवलं. पंप बंद करून, दाब काढून रेंच लावली. पाच नट थोडेथोडे फिरून टक्कन वाजले. सहावा पाऊण फेरा फिरला. पाऊण फेरा.

मी तसाच चीफच्या केबिनला गेलो आणि जे झालं ते सगळं सांगितलं, सहीसकट. ते ओरडले नाहीत. “आत्ता उघडा. नवी ओ-रिंग टाका. मी येतो,” म्हणाले. सैल फ्लँजमध्ये दाबाखाली राहिलेली ओ-रिंग चिमटली असेल तर वरून आवळून उपयोग नसतो. उघडली तर खरंच एका बाजूने चिरलेली होती. रात्री साडेअकरापर्यंत आम्ही तिघं तिथे होतो. चीफनी प्रत्येक नटावर पांढऱ्या मार्करने रेघ ओढली, नटावरून फ्लँजवर जाणारी, म्हणजे नट हलला तर रेघ तुटलेली दिसेल. रजिस्टरमधल्या माझ्या गुरुवारच्या नोंदीखाली त्यांनी मलाच लिहायला लावलं, काय राहिलं होतं ते.

सोमवारी संध्याकाळी डिपार्चर टेस्ट, निघण्याआधीची सुकाणूची चाचणी. एका बाजूच्या पस्तीस अंशांपासून दुसऱ्या बाजूच्या तीस अंशांपर्यंत नियमाने अठ्ठावीस सेकंदांच्या आत, आम्हाला चोवीस लागली. रात्री पायलट आला, ब्रेस्टची चिंचोळी खाडी, गूले, ओलांडून बाहेर पडलो. डावी-उजवीकडे काय दिसलं ते मी सांगू शकत नाही, सँ-मातिएचा दिवा नक्की दिसला असणार. मी स्टिअरिंग फ्लॅटमध्ये होतो. वॉच, म्हणजे पाळी, माझी नव्हती.

आम्हालाही रॉटरडॅमलाच जायचं होतं. वेसांच्या बाहेरून वळसा घालून उत्तरेची लेन धरायची, मग ईशान्येला. बाहेर निघाल्यावर हवा बिघडली, जहाज मागून उचलून आपटायला लागलं. दर आपटीला सुकाणू ढकलणारे रॅम कण्हल्यासारखे वाजायचे आणि प्रेशर गेजचा काटा उडी मारून खाली यायचा. ब्रिजवरून थर्ड मेटचा फोन आला, “सेकंड साब, सब ठीक?” मी विचारलं, आत्ता आपण कुठे आहोत. त्याने सांगितलं, वेसां ट्रॅफिकला रिपोर्ट दिलाय, उजवीकडे खूप आत किनाऱ्यावरचे दिवे दिसतायत.

काका उलट्या बादलीवर बसले होते. दर पाच मिनिटांनी उठायचे, पांढरं फडकं फ्लँजखालून फिरवायचे, बॅटरीच्या उजेडात दोन्ही बाजूंनी बघायचे आणि मला दाखवायचे. फडकं कोरडं होतं. पहाटे चारला वॉच बदलला, तोवर आम्ही ते एकच फडकं वापरलं.